अपेक्षित उत्तर

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., करणाऱ्या दोन मुली आमच्या शाळेत आंतरवासितेला, शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, आल्या होत्या. त्यांतली एक दुसरीच्या वर्गावर पाठ घेत होती आणि मी मागे, खिडकीखालच्या बाकावर, तिची निरीक्षण वही मांडीवर घेऊन बसलो होतो. पाठ 'घर' या विषयावरचा. पिना लावून चापूनचोपून नेसलेली साडी, डाव्या हातात पाठाचं लिहून आणलेलं टाचण, उजव्या हातात खडू आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचावा म्हणून मुद्दाम चढवलेला आवाज. प्रस्तावनेचे प्रश्न सुरू झाले. पक्षी कुठे राहतात? घरट्यात. उंदीर कुठे राहतो? बिळात. वाघ कुठे राहतो? गुहेत. आणि आपण कुठे राहतो? पहिल्या रांगेत, अंगापेक्षा दोन मापं मोठा स्वेटर घातलेला एक मुलगा बसला होता. हात वर न करताच तो म्हणाला, "कोपीत."

वर्ग हसला. तिने एक क्षण टाचणाकडे पाहिलं, मग वर्गाकडे. "नाही… दुसरं कोण सांगेल?" तीनचार जण एकदम ओरडले, "घरात!" "शाब्बास. तर मुलांनो, आज आपण आपल्या घराची माहिती घेणार आहोत." आज काय शिकायचं ते सांगणारं हेतुकथन झालं, फळ्यावर ठळक अक्षरांत पाठाचं नाव आलं, घराचा रंगीत तक्ता खिळ्यावर चढला. कौलारू छप्पर, खिडकीला पडदा, दारात तुळशीवृंदावन. पाठ पुढे गेला आणि चांगला गेला. मुलगा स्वेटरची बाही दातांत धरून तक्त्याकडे बघत राहिला. तो ऊसतोड टोळीतला. आईबाप पहाटे तीनला फडात जातात, आणि कारखान्याच्या रस्त्याला लागून ज्या पाचटाच्या, प्लास्टिक टाकलेल्या कोप्या दिसतात त्यांतल्या एकीत तो राहतो. म्हणजे त्याने दिलेलं उत्तर वर्गातलं सगळ्यांत नेमकं उत्तर होतं. आणि तेव्हा मी वहीत काय लिहीत होतो? 'प्रस्तावना परिणामकारक. प्रश्न सोप्याकडून कठिणाकडे.'

निळ्या शाईने. खाली सही.

त्या मुलीवर राग धरण्यात अर्थ नव्हता. तिने जे केलं ते मी डोळे मिटून ओळखू शकतो, कारण टाचणाचे रकाने मला अजून पाठ आहेत. डावीकडे अध्यापककृती, मध्ये विद्यार्थीकृती, उजवीकडे फलकलेखन. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात आदल्या रात्री बसून मुलांची उत्तरं आपणच लिहायची. 'अपेक्षित उत्तर : घरात.' एकदा ते लिहिलं, मार्गदर्शकांनी लाल शाईने टाचण पास केलं की मग वर्गात आपण प्रश्न विचारत नसतो, आपण हरवलेली वस्तू शोधत असतो. ती सापडेपर्यंत हात वर करणाऱ्यांकडे बोट दाखवत जायचं. सापडली की शाब्बास. आमच्या वेळी याहून वेगळी एक गंमत होती. प्रस्तावनेतला शेवटचा प्रश्न असा हवा की मुलांना उत्तर येता कामा नये. त्यांचं अडलं म्हणजे आपल्याला हेतुकथनाला वाट मोकळी. तेव्हा टाचणात लिहायचं, 'विद्यार्थी निरुत्तर.' सराव पाठाच्या शाळेतली पोरं मात्र दरवर्षी हे खेळ बघून पोचलेली असायची. साहेब मागे येऊन बसले की न सांगता ताठ बसायची, आणि नेमका तो शेवटचा प्रश्न आला की एखादं कार्टं उठून खणखणीत उत्तर द्यायचं. मग आम्ही घामेघूम. निरुत्तर कोण व्हायचं ते टाचणात वेगळं लिहिलेलं असायचं.

मी डी.एड. केलं 2007 ते 2009. बारावीला सत्तरच्या पुढे टक्के पडले की घरात दोनच शब्द निघायचे तो काळ. मुलगा असो, मुलगी असो, डी.एड. कर, नोकरी कुठे जात नाही. तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघाली होती, कुठे मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, कुठे साखर कारखान्याच्या आवारात. पांढरा शर्ट, काळी पँट, बगलेत गुंडाळीचा फळा, पिशवीत खिशांचा तक्ता, थर्माकोलचे प्राणी आणि फेविकॉलचा वास. त्या दोन वर्षांत मी जेवढं कापलं आणि चिकटवलं तेवढं एखाद्या शिंप्यानेही कापलं नसेल. जर्नलं रात्र-रात्र लिहायची. वर्गातल्या मुलींची अक्षरं सुंदर, म्हणून त्यांच्याकडून शीर्षकं लिहून घ्यायची आणि बदल्यात त्यांचे तक्ते एस.टी.तून सांभाळून न्यायचे. हा सौदा कित्येकांच्या पुढच्या लग्नांचं मूळ आहे, पण ते असो.

सगळ्यांत आठवतं ते सूक्ष्म अध्यापन, एका वेळी एकाच कौशल्याचा छोटा सराव. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे पाठ कसा झाला ते सांगणं, बारा मिनिटं पुनर्नियोजन, परत सहा मिनिटं पाठ, परत सहा प्रत्याभरण. असं 36 मिनिटांचं चक्र. ही पद्धत 1960च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली, असं आम्हाला परीक्षेपुरतं माहीत होतं. आमच्याकडे ती आली तेव्हा तिच्यात मुलं नव्हती, आम्हीच मुलं व्हायचो. पाठ घेणारा एक, आणि समोर वीस-बावीस वर्षांचे दहा घोडे पहिलीतली बाळं होऊन मांडी घालून बसलेले. एक कौशल्य म्हणजे सज्जता प्रवर्तन, मुलांना पाठासाठी तयार करणं, एक चेतक बदल, आवाज-हावभाव बदलत राहणं, एक प्रबलन. प्रबलन म्हणजे शाब्बास म्हणणं. ते सहा मिनिटांत किती वेळा म्हटलं याच्या रेघा निरीक्षक मित्राने मारायच्या. माझा एक मित्र दाढीवाला, पैलवानी अंगाचा. तो 'चिमणीला किती पाय?' या प्रश्नाला नाजूक आवाजात 'दोन, बाई' म्हणायचा आणि आमच्या वर्गातल्या त्या 'बाई' पदराआड हसून बेजार व्हायच्या. चुकीचं उत्तर कोणीच देत नसे. का देईल? प्रत्येकाला स्वतःचा पाठही आजच संपवायचा होता. दोन वर्षं मी अशा मुलांना शिकवत होतो, ज्यांना माझं उत्तर आधीच माहीत होतं आणि जी माझ्या भल्यासाठी ते देत होती.

मे 2010 मध्ये डी.एड. झालेल्यांची सी.ई.टी. झाली. त्याआधी मार्कांच्या गुणवत्तायादीवर भरती व्हायची, आमच्यापासून परीक्षा आली. निकाल लागला, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या माझ्यासारख्याच्या हातात अमरावती जिल्हा परिषदेची ऑर्डर पडली. शिक्षणसेवक, म्हणजे कायम होण्याआधीची मानधनावरची नोकरी, तीन वर्षं, महिना 3000 रुपये. तालुका धारणी. घरात कोणालाच धारणी माहीत नव्हतं. वडिलांनी शेजारच्या एका निवृत्त एस.टी. कंडक्टरना विचारलं. ते म्हणाले, "मेळघाट. तिकडं वाघ असतेत." आईने त्यावर काही न बोलता कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणीचा डबा बांधला, जणू वाघाला शेंगाचटणी चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अमरावती, परतवाडा, मग घाट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सेमाडोहच्या पुढे खिडकीतून नुसता साग, मोठाली खरबरीत पानं, आणि इतकी शांतता की गाडीच्या पत्र्याचा प्रत्येक खिळा वेगळा ऐकू येत होता. मी आयुष्यात एवढी झाडं एका जागी पाहिली नव्हती. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावरची बाभळ. धारणीहून पुढे एका जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून गाव गाठलं. समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी, मध्ये रुंद झाडलेला रस्ता, भिंती शेणामातीने लिंपलेल्या, आणि टोकाला दोन खोल्यांची शाळा. द्विशिक्षकी. मोठे सर अचलपूरकडचे, पन्नाशी उलटलेले, पान खाणारे. त्यांनी माझी ऑर्डर वाचली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या गुंडाळी फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इतक्या दूरून आले, बावा? बसा. आंधी पाणी प्या."

पहिली-दुसरी माझ्याकडे आली. मी तयार होतो. डी.एड.ला सर्वाधिक गुण मिळवून दिलेला अक्षर-चित्रांचा तक्ता मी सोलापुरातून गुंडाळून आणला होता, तो दुसऱ्याच दिवशी भिंतीवर लावला. ग गणपतीचा, क कमळाचा, ज जहाजाचा. जहाज. समुद्र मीही तोवर एकदाच पाहिला होता. मुलं तक्त्याकडे फार मन लावून बघत होती, पण त्यांच्या तोंडून एक अक्षर उमटत नव्हतं. मी बोलायचो आणि माझा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा. शाब्बास म्हणायला कोणी जागाच ठेवत नव्हतं. एक मुलगी मध्येच उभी राहायची आणि 'डा' म्हणायची. मला वाटायचं लघवीला जायचंय, मी बाहेर बोट दाखवायचो, ती बाहेर जाऊन तशीच परत यायची. वाघाच्या चित्रावर छडी ठेवली तर अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "कुला!" मराठी माणसाने काय करावं? मी आधी दचकलो, मग रागावलो, मग स्वतःशीच हसू दाबत फळ्याकडे तोंड केलं. पोरं वाह्यात आहेत, असा मनाशी शेरा मारून मोकळा झालो.

आता मूळ गोष्ट.

पंधरावीस दिवस झाले असतील. पहिलीच्या मुलांना संख्याज्ञान किती आहे ते मी तपासत होतो. मूर्ताकडून अमूर्ताकडे, हे सूत्र डोक्यात. ओढ्यातले गुळगुळीत खडे आणले होते. एकेकाला जवळ बोलवायचं, पुढ्यात खडे मांडायचे, किती ते विचारायचं. एक बारीक अंगाचा मुलगा आला. केसांना तेल, गळ्यात काळा दोरा, गुडघ्यावर खपली धरलेली जखम. मी दोन खडे ठेवले. "किती?" तो चटकन म्हणाला, "बारी." मी ऐकलं, बारा. म्हटलं, "नीट मोज." त्याने एकेका खड्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा, जरा हळू, "बारी." मी खडे त्याच्या आणखी जवळ सरकवले. "बारा कुठेत रे? हे बघ. एक. दोन." तो गप्प. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने ओठ घट्ट मिटले आणि खड्यांकडे न बघता माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघायला लागला. मी वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली. शेरा : संख्याज्ञान नाही. त्या आठवड्यात केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेवर, अप्रगत विद्यार्थ्यांची यादी मागितली होती. तीत त्याचं नाव गेलं. त्याचंच नाही, एकूण अकरा नावं गेली.

पुढे आठवडाभराने खिचडीच्या सुटीत मी मोठ्या सरांना सहज म्हणालो, की सर, हा पोरगा दोन वस्तूंना बारा म्हणतो, याचं काही खरं नाही. सर ओट्यावर बसून पान जुळवत होते. त्यांनी चुन्याचं बोट तसंच हवेत धरलं. "बारा नाही म्हणून राह्यला, बावा. बारी म्हन्ते थो. कोरकूत बारी म्हंजे दोन." आणि मग बोटं दुमडत त्यांनी मला म्हणून दाखवलं : मिया, बारी, आफई. पाणी म्हणजे डा. आणि कुला? "वाघ!" सर इतके हसले की पान जुळवायचं राहिलं.

मला हसू आलं नाही. मान मात्र खाली गेली. मुलीला पाणी हवं होतं आणि मी तिला रोज बाहेर पिटाळत होतो. मुलगा दोनला दोन म्हणत होता, तीनदा विचारलं तरी दोनच म्हणत होता, आणि ज्याला दोनपर्यंत मोजता येत नव्हतं तो मी होतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, झारखंडकडच्या संथाळी-मुंडारीची नातेवाईक. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही, हे पुढे कळलं. म्हणजे माझी मराठी त्या मुलांना जरा वेगळी बोली म्हणून कळेल, असला प्रकारच नव्हता. माझ्या दोन वर्षांच्या जर्नलांत, शैक्षणिक मानसशास्त्रापासून कार्यानुभवापर्यंत, वर्गातलं मूल वेगळी भाषा बोलत असेल तर काय करायचं याचं एक पान नव्हतं. आमच्या सगळ्या मुलांना मराठी येत होती. दाढीवाल्या मुलालासुद्धा.

मी फुली खोडली. केंद्रावर गेलेली यादी मात्र परत आणता आली नाही. केंद्रप्रमुख भले होते, म्हणाले, "सर, आता पुढच्या यादीत प्रगत दाखवा, म्हणजे तुमचीच प्रगती दिसेल." वर पाठवलेली माहिती खाली येत नसते, हा नोकरीतला पहिला धडा मला तिथे मिळाला. आणि खरं सांगायचं तर पुढच्या यादीत मी ते नाव प्रगतमध्ये दाखवलं, आणि माझी प्रगती दिसलीही. याची मला अजून नीट लाज वाटत नाही, आणि ती का वाटत नाही याचीच जास्त वाटते.

यानंतर मी एक शंभरपानी वही केली. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला कोरकू. खिचडी शिजवणारी मावशी माझी पहिली मार्गदर्शक. ती चुलीवरच्या पातेल्यातून मान न वळवता शब्द सांगायची, मी लिहून वाचून दाखवायचो, आणि माझ्या उच्चारावर ती आणि तिची सून खो-खो हसायच्या. तिथे प्रबलन वगैरे काही नव्हतं. चुकलं की हसणं, बरोबर आलं की पुढचा शब्द. कुत्र्याला 'सीटा' म्हणतात हे कळलं तेव्हा मी घरी पत्रात ते लिहिलं, आणि आमच्या चुलतीचं नाव सीता असल्याने ते पत्र घरात जोराने वाचलं गेलं नाही. जहाजाचा तक्ता मी काढून ठेवला. त्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मुलांनी सांगितलेली चित्रं आली. त्या बाजूचा पहिला वाघ त्या बारीक मुलानेच काढला, पाच पायांचा. पाचवा पाय शेपूट होती असं त्याने नंतर समजावलं.

पण त्या दिवसांकडे मी नुसतं हळवं होऊन बघितलं तर ते खोटं होईल. संध्याकाळी सहाला अंधार, खोलीत रॉकेलचा दिवा, मानधन तीन-तीन महिने येत नसे आणि किराणावाल्याकडे वही चालायची. डी.एड.ला जे पैसे भरले होते ते वडिलांनी उसने आणलेले, ते फेडायचे होते. रात्री पत्र्यावर सागाचं पान पडलं तरी उठून बसायचो. दिवाळी झाली की अर्धं गाव कामाला खाली सपाटीवर उतरायचं आणि सोबत माझा अर्धा वर्गही. हजेरीपटावर रोज मारलेल्या फुल्यांची नक्षी दिसायची. होळीला सगळे परत यायचे. मग पाच दिवस ढोल, आणि फगवा मागणाऱ्या बायका रस्ता अडवून गाणं म्हणत उभ्या. मास्तरला सुटका नाही. मी दहाची नोट दिली की गाण्यात कुठेतरी 'मास्तर' हा शब्द यायचा. पुढचं काय म्हणायच्या ते शंभरपानी वहीत कधी सापडलं नाही, आणि मावशीने विचारूनही सांगितलं नाही.

आणि डी.एड.ने काहीच दिलं नाही असंही मला म्हणता येत नाही, जरी शिक्षकांच्या कट्ट्यावर तसं म्हणण्याची पद्धत आहे. खडू मोडून अर्धा घ्यायचा म्हणजे किरकिरत नाही. फळ्याला पूर्ण पाठ करायची नाही, तिरकं उभं राहायचं. पुसताना वरून खाली पुसायचं, धूळ मुलांच्या अंगावर जात नाही. हे मला सोलापूरच्या एका कडक बाईंनी शिकवलं होतं, आणि त्या गावात, जिथे माझा प्रत्येक शब्द फुकट जात होता, फळ्यावरची सरळ ओळ ही एकच गोष्ट मला बरोबर येत होती. मुलं ती ओळ बघायची. शब्द कळला नाही तरी माणूस काहीतरी नीट करतोय हे मुलांना कळतं. पहिल्या दोन महिन्यांत मी तिथे टिकलो तो बहुधा त्या ओळीच्या आधाराने.

आठ वर्षांनी, 2018 मध्ये, माझी आंतरजिल्हा बदली झाली. सेवाज्येष्ठता गमवावी लागते, नव्या जिल्ह्यात यादीच्या तळाला जाऊन बसावं लागतं, तरी मी अर्ज केला होता. आईचे गुडघे, माझं लग्न, मुलीची शाळा, कारणं सगळी खरी होती. पण त्या वर्षी माझी कोरकू अशी झाली होती की मुलांच्या भांडणात नेमकं कोण आधी बोललं ते मला कळायचं. म्हणजे शिक्षक म्हणून मी जेव्हा कामाचा झालो, तेव्हाच निघालो. माझ्या जागी नवीन कोण आलं असेल त्याने पुन्हा पहिल्यापासून, 'बारी'पासून सुरुवात केली असेल. त्या बारीक मुलाने चौथीनंतर आश्रमशाळा गाठली होती. मी निघालो त्या दिवशी तो गावात नव्हता. वही मी बरोबर आणली. आता ती कपाटात आयकरच्या फाइलींखाली आहे.

तर, डिसेंबर. पाठ संपल्यावर ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, कसा झाला?" तिचा चेहरा बघून माझ्याने एकदम काही बोलवेना. या मुलींचं पुढचं मला दिसत असतं. आमची नोकरी जात नव्हती, यांची येत नाही. आधी टी.ई.टी. म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, जी 2017 नंतर थेट 2023 मध्ये झाली, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, मग यादी, मग कोर्ट. एवढं करून लागलीच तर शिक्षणसेवक, आता मानधन 16000. तिची मोठी बहीण डी.एड. होऊन कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते, हे तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि गंमत अशी की टी.ई.टी. आता मलाही आहे. 1 सप्टेंबर 2025ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या आमच्यासारख्या जुन्यांनीही दोन वर्षांत ती पास व्हायची. त्यामुळे मधल्या सुटीत ती आणि मी एकाच पुस्तकातून बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवत असतो. 150 प्रश्न, 150 मिनिटं, प्रत्येकाला चार पर्याय, एकच गोल काळा करायचा. तिची उत्तरं माझ्यापेक्षा जास्त बरोबर येतात. 'बालकाच्या पूर्वानुभवाला अध्यापनात स्थान द्यावे' यावर तिने झटक्यात टिक केली होती. मीही.

मी तिला बसवलं आणि खड्यांची गोष्ट सांगितली. ती हसली, 'कुला'ला तर तोंडावर पदर धरून हसली. मग थांबली आणि तिच्याच लक्षात आलं. "म्हणजे सर, तो… कोपीत." मी मान हलवली. ती टाचणाकडे बघत बसली. मग तिने जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "पण सर, हे लिहायचं कुठल्या रकान्यात? आमच्या मॅडम पास करतील का असं टाचण?" मी म्हणालो, विचारून बघ. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला कोपी कशी बांधतात ते विचारलं. आधी बोलेना. मग कळकाच्या किती काठ्या, पाचट कुठून सुरू करायचं, दार कारखान्याच्या बाजूला का ठेवायचं नाही, हे सगळं त्याने हातवाऱ्यांनी सांगितलं. धूर आत येतो म्हणून. बाकीची मुलं भोवती जमली, आणि आदल्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने हसलेल्याने विचारलं, "आत लाइट असते का?" "मोबाइलची असते," तो म्हणाला. छात्राध्यापिका दारात उभी राहून ऐकत होती. मधल्या सुटीत मी पाहिलं, तिने टाचण उघडलं होतं आणि 'अपेक्षित उत्तर : घरात' याच्या पुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, एक तिरकी रेघ देऊन लिहिलं होतं, 'कोपीत'.

शनिवारी तिच्या मॅडम तपासणीला आल्या. वह्या माझ्याकडे सहीसाठी आल्या तेव्हा मी मुद्दाम ते पान काढलं. खोडरबर फिरला होता. नीट फिरला होता, कागद कुठे फाटला नव्हता. पण पेन्सिल जोरात दाबून लिहिलेली असावी, कारण वही उजेडाकडे तिरकी धरली की रेघ आणि तीन अक्षरं अजून वाचता येत होती. त्याच्या खाली मॅडमची लाल शाई, 'छान'. त्याच्या खाली माझ्यासाठी सोडलेली जागा. मी पेन उघडलं, तारीख टाकली, आणि बराच वेळ वही उजेडात तशीच धरून बसलो.